गोठा, गुऱ्हाळघर, पेव: जुन्या शेतघराचे माहिती केंद्र करायचे तर

सातारा-सांगलीच्या शिवारात फिरताना एक तरी रिकामी वास्तू लागतेच. बैल गेले आणि गोठ्याची दावण सुटली. ऊस कारखान्याच्या गाडीत जाऊ लागला आणि गुऱ्हाळघराचे चुलवाण विझले. विजेचा पंप आला, मोट गेली, धाव बुजली. धान्य गोदामात जाऊ लागले, पेव ओसाड पडले. मालक मग बहुधा दोनपैकी एक करतो. वासे-तुळ्या काढून विकतो, नाहीतर जेसीबी लावून जागा मोकळी करतो.

तिसरा मार्गही आहे. ती वास्तू दुरुस्त करून गावाच्या हाती द्यायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे गावाची आणि शेतीची ओळख व्हावी, आणि एरवी ती गावालाच वापरता यावी अशी सोय करायची. हे कसे होते, कुठे अडते आणि आपल्याच भागात त्याची कोणती उदाहरणे आहेत, ते या लेखात पाहू. दोन्ही जिल्हे एकत्र घेतले आहेत, कारण ते मुळात एकाच घरातले. १९४९ मध्ये साताऱ्यातून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठची शेती, बांधकामाच्या पद्धती, अवजारे आणि त्यांची नावे यांत आजही फारसा फरक नाही.

कायद्याच्या नजरेत शेतघर

सुरुवात रुक्ष गोष्टीने करू, कारण सगळे पुढे तिथेच अडकते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये शेतघराची व्याख्या दिलेली आहे. शेतजमिनीवर अवजारे, खत, वैरण किंवा शेतमाल ठेवायला, जनावरांना निवारा द्यायला, शेतकऱ्याच्या कुटुंबाला आणि गड्यांना राहायला, किंवा शेती कसण्याचाच भाग असलेल्या कामासाठी उभारलेली इमारत म्हणजे शेतघर. असे घर बांधायला शेतकऱ्याला बिगरशेती परवानगी लागत नाही. कलम ४१ ने ती मुभा दिली आहे.

पण गोठ्यातून गाई बाहेर गेल्या आणि पाहुणे आत आले की वापर बदलला. इमारतीची एक वीटही हललेली नसली तरी कायद्याच्या लेखी तो शेतीचा वापर उरत नाही. मग बिगरशेती वापराचे नियम लागू होतात, आणि ते न पाळता वापर केला तर कारवाई होऊ शकते. ‘जुनीच इमारत आहे, नवे काही बांधत नाही’ हा युक्तिवाद गावात पटतो, कचेरीत पटत नाही.

शेतकऱ्याने स्वतःच केंद्र चालवायचे ठरवले तर एक सोपी वाट आहे. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. त्यात किमान एक एकर शेती असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून कृषी पर्यटन केंद्र चालवू शकतो. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी महाविद्यालये यांनाही ते खुले आहे. मात्र हे धोरण मुख्यतः शेतकऱ्याला जोडधंदा मिळावा यासाठी आहे. गावाच्या मालकीचे, गावाने चालवायचे केंद्र हवे असेल तर ते पहिली पायरी म्हणून वापरता येते, त्याने सगळे काम भागत नाही.

सातबाऱ्यावर किती नावे?

खरी अडचण परवानगीची नाही, वारसांची आहे. पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांतली कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. कोणी गिरणीत होते, कोणी नवी मुंबईच्या बाजारात माथाडी झाले. आजोबांच्या नावचा गोठा आज सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावांनी उभा असतो. त्यातले चार गावात, बाकीचे घणसोली-कोपरखैरण्यापासून पुण्यापर्यंत पांगलेले. गोठ्याची किंमत शून्य असली तरी ‘माझा वाटा’ ही गोष्ट शून्य नसते.

म्हणून दुरुस्तीचा अंदाज काढण्याआधी तीन कागद हातात घ्यावेत: सातबारा, फेरफार आणि इमारत गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. मयतांची नावे असतील तर वारसनोंद करून घ्यावी. त्यानंतरच सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती मागावी. यात्रेला किंवा गणपतीला सगळे गावात येतात, तोच मुहूर्त. फोनवरचा होकार नंतर कोणी मानत नाही.

जागा गावाकडे आणण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. बक्षीसपत्राने ती ग्रामपंचायतीच्या नावे करता येते, किंवा मालकी कुटुंबाकडेच ठेवून लांब मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा करता येतो. माझे मत भाडेपट्ट्याकडे झुकते. मालकी सोडायला लोक बिचकतात, वापर द्यायला तेवढे बिचकत नाहीत. शिवाय एखाद्या न्यासाने किंवा संस्थेने जागा सरळ विकत घ्यायची म्हटली तर कुळकायद्याचे कलम ६३ आडवे येते. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला पूर्वपरवानगी लागते, आणि न्यास शेतकरी नसतो. भाडेपट्ट्यातही शेतजमीन असेल तर हा प्रश्न वकिलाला दाखवूनच सोडवावा.

करारात एक वाक्य न विसरता घालावे: मुदत संपल्यावर दुरुस्तीच्या खर्चाचे काय. ते लिहिलेले नसेल तर इमारत सुधारली, किंमत वाढली की पहिले भांडण तिथेच लागते.

नायगावचे पाटलांचे घर

आपल्या भागात हे कुठे झाले आहे? सगळ्यात जवळचे उदाहरण खंडाळा तालुक्यातल्या नायगावचे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी याच गावात झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील. त्यांचे घर म्हणजे त्या काळच्या शेतकरी पाटलाचे घर. ते जतन करून लोकांना पाहायला खुले केलेले आहे, शेजारी सावित्रीबाईंच्या आयुष्यातले प्रसंग मांडलेले स्मारक आहे. दर वर्षी ३ जानेवारीला राज्यभरातून माणसे इथे येतात.

या ठिकाणाची ताकद घरात आहे. सावित्रीबाईंचे काम पुण्यात झाले आणि ते पुस्तकांत वाचायला मिळते. पण ज्या घरातून नऊ वर्षांची मुलगी लग्न होऊन बाहेर पडली ते घर किती लहान, कसे, त्यात बायकांची वावरण्याची जागा कोणती, हे पुस्तकात कळत नाही. मुलांनी भरलेली सहलीची गाडी थांबते तेव्हा मुले भिंतीवरचे फलक वाचत नाहीत, घरात फिरतात. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्यात यशवंतराव चव्हाणांचे जन्मघरही असेच साधे, ग्रामीण. त्याच्या जवळच सागरेश्वरचे अभयारण्य आहे, धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने माणसांनी उभे केलेले जंगल. दोन्ही मिळून एका दिवसाची चांगली सहल होते. एक जागा एकटी क्वचित तगते. आसपासच्या दोन-तीन जागांची साखळी जुळली तरच शाळा आणि कुटुंबे वाट वाकडी करून येतात.

भिलार आणि मांघर: नवी इमारत न बांधता

पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधले भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. राज्य मराठी विकास संस्थेने हा प्रकल्प केला, कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकगावावरून घेतली. भिलारमध्ये ग्रंथालयाची इमारत कोणी बांधली नाही. गावातली घरे, निवासस्थाने, देऊळ, शाळा अशा पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवली. एकेका घराने एकेक विषय घेतला. घरमालक तिथेच राहतो, स्ट्रॉबेरी लावतो आणि पुस्तकेही सांभाळतो.

इथे नवी इमारत न बांधण्यात फक्त साधेपणा नव्हता, शहाणपणही होते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. तिथे नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. जे उभे आहे ते वापरणे हाच सरळ मार्ग. कास पठाराच्या वाटेवर, कोयना-चांदोलीच्या कडेला, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारच्या गावांनाही हेच लागू पडते. डोंगरावर नवे काँक्रीट ओतण्यापेक्षा जुना गोठा नीट करणे कायद्यालाही सोपे आणि डोळ्यालाही.

मांघर महाबळेश्वर तालुक्यातले. २०२२ च्या मे महिन्यात खादी व ग्रामोद्योग मंडळाने ते ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर केले. तिथे पाहुण्याला मधपेटी कशी असते, सातेरी माशी कशी काम करते, मध कसा काढतात हे मधमाश्या पाळणारी माणसेच दाखवतात. पाहुणा जाताना मध विकत घेतो. भिलारची पुस्तके बाहेरून आली, मांघरचा मध गावातच होता. माझ्या मते शेतघराच्या केंद्राला मांघरचा धडा अधिक उपयोगी आहे: जे गावात आधीपासून चालते तेच दाखवावे.

भिलारच्या योजनेचा पुढे विस्तार झाला तेव्हा सांगली जिल्ह्यातून पलूस तालुक्यातल्या अंकलखोपची निवड झाली. शेजारी औदुंबर, कृष्णाकाठ, साहित्य संमेलनाची जुनी परंपरा. निवड योग्यच, पण कृष्णाकाठ म्हटले की पूर आलाच. त्याविषयी पुढे.

लिंबची बारा मोटेची विहीर

शेतीची इमारत म्हटली की आपल्याला पडका गोठा आठवतो. साताऱ्याजवळ शेरी लिंबला मात्र शेतीसाठी बांधलेला महालच आहे. बारा मोटेची विहीर १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची, अष्टकोनी, वरून शिवलिंगाच्या आकाराची. मधल्या भागात कोरीव खांबांचा महाल, आणि वर एकाच वेळी बारा मोटा चालवण्याची सोय. पाणी जायचे आमराईला.

सुट्टीच्या दिवशी इथे गर्दी असते. लोक पायऱ्या उतरतात, फोटो काढतात, महालात खलबते चालत असे कोणीतरी सांगतो आणि मंडळी निघतात. मोट मात्र कोणी समजून घेत नाही. चामड्याची मोट, तिला ओढणारा जाड नाडा, सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर, बैल उताराने खाली जात त्या धावेचा चढ-उतार, पाणी जिथे पडे ते थारोळे आणि तिथून पुढे पाट. धावेच्या टोकाला बैल पोचले की सोंदूर ताणला जाऊन सोंड उघडते आणि पाणी आपोआप थारोळ्यात ओतले जाते. ही रचना बघायला बारा मोटांची जागा शाबूत असलेली विहीर दुसरीकडे सहज सापडायची नाही.

इथे फार काही लागणार नाही. रस्त्याकडेचे एखादे जुने शेतघर, त्यात एक खरी मोट, नाडा-सोंदुरासह टांगलेली, आणि ज्याने स्वतः मोट हाकली आहे अशा एखाद्या आजोबांचा आवाज ध्वनिमुद्रित केलेला. मोट हाकणाऱ्यांची शेवटची पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे. इमारत थांबेल, ती माणसे थांबणार नाहीत.

भिंत, छप्पर, वाळवी

आता बांधकाम. या दोन जिल्ह्यांत एकच नमुना चालत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात पाचशेच्या आसपास. म्हणून पश्चिमेला उतरते कौलारू छप्पर आणि पूर्वेला सपाट माळवद. जावळीतल्या गोठ्यासाठी दिलेला अंदाज माणदेशातल्या माळवदाला लावू नये.

माळवदाचा मोठा शत्रू त्याचाच भार. दर वर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर चढवत गेल्याने पन्नास वर्षांत छप्पर फूटभर जाड होते आणि खालच्या तुळ्या वाकतात. पहिले काम म्हणजे जुने थर उतरवणे. कौलारू घराचा शत्रू पाणी. फुटलेल्या कौलातून आढ्यावर पाणी पडते, लाकूड कुजते, वाळवी लागते. सगळे छप्पर बदलण्याची गरज क्वचित असते. एकेका खणाचे लाकूड हातोडीने ठोकून पाहावे, बोदा आवाज येईल तेवढेच बदलावे.

भिंतीबाबत एक चूक सर्रास होते: मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. भिंतीत ओल खालून चढते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. चुना किंवा माती ती वाट देते, सिमेंट अडवते. मग ओल आत साचते, दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पोपडे होऊन पडतो, त्यासोबत आतली मातीही. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आज शोधावा लागतो, पण आहे. पूर्वी चुन्यात गूळ, बेलफळ, हिरड्याचे पाणी घालत. गुऱ्हाळघराच्या भिंतीला गुळाचा चुना लावणे यापेक्षा योग्य काय असेल!

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिचे सूत्र होते की नव्यासारखे करू नका, दुरुस्त करा. त्याला आवडलेले ग्रेट कॉक्सवेलचे मध्ययुगीन धान्यकोठार आज नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि लोक ते कोठार म्हणूनच पाहायला जातात. आपल्याकडे उलट घडते. जुन्या गोठ्याला गुळगुळीत फरशी, पीओपीचे छत, रंगीत दिवे, आणि दारात फायबरचा बैल. मग पाहुण्याने तिथे पाहायचे काय?

भूकंप आणि पूर

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. पाटण परिसराला आजही अधूनमधून हादरे बसतात. दगड-मातीच्या घरांची भिंत बहुधा दोन पदरांची असते, बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मधे माती आणि खडी. हादऱ्यात हे दोन पदर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगून कोसळते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हेच दिसले, शिवाय वरून जड माळवद अंगावर आले.

उपाय फार महाग नाही. ठरावीक अंतरावर भिंतीला आरपार भोक घेऊन सळईसह काँक्रीटचा आडवा सांधा घालतात, म्हणजे दोन्ही पदर बांधले जातात. छपराखाली आणि दारांच्या वर सलग पट्टा फिरवतात. भारतीय मानक १३८२८ आणि १३८२७ ही दगडी आणि मातीच्या घरांसाठीच आहेत. जिथे शाळेच्या सहली येणार आहेत तिथे संरचना अभियंत्याची लेखी तपासणी झाल्याशिवाय दार उघडू नये. यात गावकीची भीड धरू नये.

कृष्णा-वारणाकाठी प्रश्न वेगळा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेले आणि पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतली गावे बुडाली. इमारत निवडताना जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा पाहाव्यात. निळीच्या आत असेल तर ती जागा सोडून द्यावी. लालच्या आत असेल तर मांडणीच तशी करावी: विजेचे बोर्ड उंचावर, कागद आणि फोटो दुसरीकडे, खाली फक्त पाण्याने न बिघडणारी अवजारे. मातीची भिंत आठ दिवस पाण्यात उभी राहिली की विरघळते, दगडी जोते मात्र टिकते.

गुऱ्हाळघरात काय दाखवायचे

समजा कराडजवळचे किंवा शिराळ्याकडचे एखादे बंद गुऱ्हाळघर मिळाले. त्यात बहुधा काय असते? घाणा, चुलवाण, त्याचे धुराडे, काहील, गूळ ओतायचा वाफा, ढेपेचे साचे, चिपाड वाळवायचे आवार. एवढ्या वस्तूंवर पूर्ण गोष्ट उभी राहते. रसातली मळी भेंडीच्या चिकट पाण्याने कशी वर आणतात, पाक झाला हे गुळव्या कसा ओळखतो, चिपाडच जळण असल्याने बाहेरचे लाकूड कसे लागत नसे. गुळव्या हा सगळ्यांत महत्त्वाचा माणूस. पाक एका क्षणाने चुकला तर ढेप बसत नाही, आणि हे ज्ञान त्याच्या डोळ्यांत आणि बोटांत असते.

हंगामात आठवड्यातून एकदा जरी आदण काढता आले तर त्यासारखे दुसरे प्रदर्शन नाही. गरम रस, पातळ काकवी, कोवळा गूळ, आणि विक्रीतून केंद्राचा खर्चही निघतो. रसायनाशिवायच्या गुळाला गिऱ्हाईक आहे. पण कढत्या काहिलीभोवती लहान मुले असतील तर कठडा हवा, हे आधी.

फलक कमी ठेवावेत आणि त्यांवर गावातलेच शब्द असावेत. सोपा, ढेलज, माजघर, बळद, कणगी, गव्हाण, देवळी हे शब्द इमारतीच्या त्या त्या जागी लिहिले की शहरातल्या मुलाला ते कोशाशिवाय कळतात. माहिती गोळा करायला फार लांब जावे लागत नाही. १८८५ मध्ये निघालेल्या सातारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये पिके आणि अवजारांची नोंद आहे. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती बहुधा कपाटात असते, तिला उजेडात आणायला हे निमित्त चांगले.

हरिपूरची पेवे

सांगलीलगतचे हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे, नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे गाव. इथली माती अशी की तिच्यात खणलेली पेवे ढासळत नसत. तोंड अरुंद, आत पोट मोठे, खोली पंधरा-वीस फूट. त्यात हळद भरून तोंड बंद केले की वर्षानुवर्षे कीड लागत नसे, कारण आत हवा खेळत नाही. त्यामुळेच हळदीचा व्यापार सांगलीत वाढायला मोठा आधार मिळाला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्याआधी, २००५ च्या महापुरात, पाणी पेवांत शिरले, पुढे २०१९ चा पूर आला, आणि आज माल शीतगृहात आणि गोदामात जातो.

पेव ही जमिनीखालची इमारत. तिचे केंद्र करताना माणसे आत उतरवता येत नाहीत. बंद पेवात प्राणवायू नसतो, पूर्वीही उघडल्यावर बराच वेळ थांबूनच माणूस आत जाई. वर काचेचे झाकण, आत दिवा आणि शेजारी कापून दाखवलेला मातीचा नमुना, एवढे पुरे. जिल्ह्याच्या इतक्या मोठ्या व्यापाराचा पाया असलेल्या या रचनेचे एक तरी पेव नीट जतन व्हायला हवे, आणि ते हळद संशोधन केंद्राच्या किंवा बाजार समितीच्या आवारात नव्हे, हरिपुरातच.

पैसा आणि किल्ली

दुरुस्तीला एकदा पैसा मिळतो. जिल्हा नियोजन समिती, प्रादेशिक पर्यटन विकास योजना, आमदार निधी, ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी, आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत वारसा जतन स्पष्टपणे धरलेले आहे, आणि किर्लोस्करवाडीपासून कराडपर्यंत या भागात उद्योगांची कमी नाही. देणगी घ्यायची तर न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आधी करावी.

रोजचा खर्च कोणी देत नाही. शेतीपंपाच्या सवलतीच्या जोडणीवर केंद्राचे दिवे लावता येत नाहीत, वेगळी जोडणी घ्यावी लागते आणि तिचे बिल महिन्याला येते. स्वच्छतागृह झाडावे लागते. बाराला एक या उताराचा रॅम्प असेल तर चाकाच्या खुर्चीतली आजी आत येऊ शकते, पण रॅम्पवर वैरणीचे भारे ठेवलेले नसतील तरच. माझा अनुभव असा की उद्घाटनाच्या फलकावर किती नावे आहेत यापेक्षा किल्ली कोणाकडे आहे यावर केंद्राचे आयुष्य ठरते. ‘किल्ली सरपंचांकडे, सरपंच सातारला’ हे पाहुण्याने ऐकले की तो परत येत नाही.

किल्ली बचत गटाकडे असावी असे माझे स्पष्ट मत आहे. गटाच्या बायका गावातच असतात, बैठका तिथे घेतील, भाकरी-पिठल्याची ऑर्डर घेतील, चटणी-पापड विकतील. पाहुणे शनिवार-रविवारी येतात. सोमवार ते शुक्रवार मुलांची अभ्यासिका, भजनी मंडळ, बियाण्यांची बैठक, लसीकरण, हे सगळे त्याच सोप्यात व्हावे. जे ठिकाण गाव रोज वापरत नाही, ते पाहुण्यालाही ओसच वाटते.

आत्ता करायचे काम

तुमच्या गावात अशी वास्तू असेल तर पाडण्याआधी तिचे मोजमाप घ्या, चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढा, खण किती ते लिहा, आणि तिच्यात काम केलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. याला परवानगी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा म्हणून लेखी अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्या, सोबत सातबारा, फोटो आणि मालकाचे संमतीपत्र जोडा, आणि अर्जाची पोच घ्या.